संकल्पाला पिग्मी एजंट हवा

डिसेंबरचा शेवटचा आठवडा आला की आमच्या साताऱ्यातल्या पतसंस्थेच्या काउंटरवर पैशांपेक्षा कॅलेंडरची चौकशी जास्त. "मॅडम, आली का?" एवढंच विचारतात, काय, ते सांगावं लागत नाही. पासबुक भरून घेणं हे निमित्त. मोठ्या ठेवीदारांना डायरी मिळते, आणि वाटून उरलेल्यातली एक दरवर्षी माझ्या पिशवीतून घरी येते. अशा अकरा डायऱ्या साठल्यात. परवा कपाट आवरताना सगळ्या उघडून बघितल्या. एकीतही लिखाण २० जानेवारीच्या पुढं गेलेलं नाही. सगळ्यात जास्त तग धरला तो २०१९च्या डायरीनं, सतरा पानं. त्यातलं सतरावं पान म्हणजे संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कुणाकुणाला बोलवायचं त्याची यादी.

पहिल्या पानावर मात्र दरवर्षी ठसठशीत अक्षरात काहीतरी आहेच. इंग्रजी बोलायला शिकायचं. पोहायला शिकायचं. एका वर्षी दोन्ही, शिवाय पेटी. आणि सलग तीन डायऱ्यांत एकच वाक्य: 'यंदा मोडी शिकायची.' तिसऱ्या वर्षी त्याला 'च' लागलाय, 'शिकायचीच'.

मोडी, म्हणजे जुन्या मराठी कागदांची लिपी, मी शिकले. पण चौथ्या वर्षी, ऐन ऑगस्टात सुरुवात करून, आणि डायरीत एक अक्षरही न लिहिता. हे कसं जमलं याचा विचार करताना एक गोष्ट पक्की झाली. नव्या वर्षाला काहीतरी शिकायचं ठरवणं चांगलंच आहे, त्याची टिंगल करण्यात मला रस नाही. पण ते ठरवलेलं ज्याचं त्यानं एकट्यानं, गुपचूप, स्वतःच्या इच्छाशक्तीवर तडीस न्यायचं असतं, अशी जी आपली समजूत झालीय तिथं घोळ आहे.

आपल्या भाषेत संकल्प 'सोडतात'. हातावर पळीभर पाणी घ्यायचं आणि ताम्हनात सोडायचं. जानेवारीत आपण तो दुसऱ्या अर्थानं सोडतो, हा विनोद जुना झाला. पण पूजेतला संकल्प जरा नीट ऐका. गुरुजी आधी देश-काल उच्चारतात: कुठली नदी, कुठलं संवत्सर, कुठला महिना, कुठली तिथी. मग यजमानाचं नाव आणि गोत्र. मग नेमकं काय करणार ते. सगळं मोठ्यानं, चारचौघांत, आणि समोर एक माणूस ते पुरं होईपर्यंत उठत नाही. डायरीतला संकल्प यातलं काहीच करत नाही. तो पान मिटलं की संपतो.

असो. आधी दरवर्षीचं भांडण मिटवून टाकू, कारण त्यातच निम्मी शक्ती जाते. ३१ तारखेच्या संध्याकाळपासून फोनवर दोन तऱ्हेचे निरोप सुरू होतात. एकात फटाके आणि केक, दुसऱ्यात गुढी आणि खाली 'हे आपलं नववर्ष नव्हे'. माझे एक नातेवाईक दुसऱ्या तऱ्हेचा निरोप दरवर्षी न चुकता पाठवतात, आणि तो त्यांनी महाबळेश्वरच्या हॉटेलातून पाठवलेला असतो.

मोडी वाचता यायला लागल्यावर या वादातली माझी उरलीसुरली गोडी संपली. आमच्या वर्गात सरावाला जुन्या कागदांच्या झेरॉक्स असतात. एका कागदावर काल दिलाय तो राज्याभिषेक शकाचा. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून, म्हणजे १६७४ पासून मोजलेला. त्याचं वर्ष बदलतं ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला. दुसऱ्या कागदावर सुहूर सन. त्याचे आकडे अरबी शब्दांत लिहायचे आणि वर्ष बदलायचं सूर्य मृगात गेल्यावर, म्हणजे जूनमध्ये, कारण पाऊस आणि पेरणी तेव्हाची. शेतसारा कधी येणार ते त्यावर. तिसऱ्यावर शालिवाहन शक, चैत्रापासून. छत्रपतींची गादी जिथं होती त्या साताऱ्याच्या दप्तरात हे सगळे शक सुखानं नांदत होते, आणि कुणी कुणाला 'हे आपलं वर्ष नव्हे' म्हणून दम दिल्याचा कागद अजून तरी माझ्या वाचनात आलेला नाही.

आजही काय वेगळं आहे? व्यापाऱ्याची वही दिवाळीच्या पाडव्याला उघडते. शाळा जूनला. आमच्या पतसंस्थेचं वर्ष ३१ मार्चला संपतं, त्या रात्री आम्ही अकरा-अकरापर्यंत बसतो, तेव्हा केक कापायचं कुणाला सुचत नाही. साखर कारखान्याचा हंगाम दिवाळीच्या आगेमागे सुरू होतो. सांगलीला हळदीच्या अडतीवर विचारा. नवी हळद पेठेत आली की त्यांचं वर्ष उजाडलं. आणि शिकण्याचाच मुहूर्त म्हणाल तर तो आमच्या लहानपणी दसऱ्याला होता. पाटीवर एकच्या आकड्यांची सरस्वती काढायची, झेंडूचं फूल वाहायचं, आणि त्या दिवशी अभ्यास करायचा नाही. आता जिल्हा परिषदेच्या शाळा गुढीपाडव्याला पटनोंदणीची फेरी काढतात. एवढे वर्षारंभ ज्या मुलखानं पचवले, त्याला १ जानेवारी जड का व्हावा?

उलट ती तारीख कामाचीच आहे. २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन संशोधकांनी दाखवलं होतं की आठवड्याचा पहिला दिवस, महिन्याची सुरुवात, वाढदिवस, नवं वर्ष अशा कुठल्याही 'पहिल्या'पाशी माणसं व्यायामशाळेकडे आणि तसल्या निश्चयांकडे जास्त वळतात. मागचं पान मागं पडलं असं वाटतं, एवढंच त्याचं कारण. म्हणजे सुरुवात करायला कुठलाही पाडवा चालतो. पण सुरुवात ही आपली अडचण कधीच नव्हती. पतसंस्थेत बावीस वर्षं काढलेल्या बाईला हे कुणी सांगायला नको. खाती उघडायला लोक हौसेनं येतात, अक्षय तृतीयेला तर फॉर्म कमी पडतात. प्रश्न दुसऱ्या हप्त्याचा असतो.

आणि दुसऱ्या हप्त्याचं उत्तर आमच्याकडं आहे. त्याचं नाव पिग्मी.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: रोज थोडे पैसे साठवायची ही योजना १९२८ मध्ये उडुपीच्या बाजूच्या एका बँकेनं, पुढं जी सिंडिकेट बँक झाली तिनं, सुरू केली. रोज दोन आण्यांपासून. एजंट घरी येऊन घेऊन जायचा. आज महाराष्ट्रात जवळजवळ प्रत्येक पतसंस्थेत पिग्मी आहे. आमचा एक एजंट मोती चौकापासून राजवाड्यापर्यंत फिरतो. भाजीवाल्या मावशी, सलून, पानटपरी, पेढ्यांची दुकानं. हातात ते छोटं मशीन, पन्नास रुपये घेतले की चिठ्ठी फाडून देतो. कुणी "आज नको" म्हणालं तर वाद घालत नाही. स्टुलावर टेकतो, पाणी मागतो, पोराची परीक्षा कशी गेली विचारतो आणि जातो. दुसऱ्या दिवशी परत येतो. बचतीचं महत्त्व वगैरे त्यानं आयुष्यात कुणाला सांगितलं नसेल. तो फक्त येतो. तो आजारी पडला की त्याच्या गल्लीतला भरणा त्या आठवड्यात कोसळतो, हे मी लेजरमध्ये दरवेळी बघते. माणसं तीच, उत्पन्न तेच, बचतीची इच्छाही तीच. दारात यायचं कुणी थांबलं, एवढाच फरक.

माझ्या मोडीचं हेच झालं. अण्णा निवृत्त कारकून, चिमणपुऱ्यात राहतात, उभी हयात जुने उतारे वाचण्यात गेली. पासबुक भरून घ्यायला आमच्याकडं यायचे. एकदा बोलता बोलता मी म्हटलं, घरी आजोबांच्या ट्रंकेत मोडी कागद आहेत, वाचता येत नाहीत. ते म्हणाले, "गुरुवारी साडेपाचला या. वही आणा, रेघांची नको, कोरी." बस्स. त्यांच्या ओसरीवर आम्ही चौघं: मी, एक टेलर, एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर काका आणि इतिहास घेऊन बी.ए. करणारा एक मुलगा. पहिल्या दिवशी अण्णांनी अक्षर शिकवलंच नाही. कागदाच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत आडव्या रेघा मारायला लावल्या. "आधी दोरी बांधायची ताई, कपडे मागनं वाळत घालायचे." मोडीत खरंच तसं असतं. रेघ आधी, अक्षरं मग तिला लटकवत न्यायची, होता होईतो हात न उचलता. शब्दांमध्ये मोकळी जागा नाही, पूर्णविराम नाही, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. कुठं शब्द तुटतो ते अर्थावरून ओळखायचं आणि अर्थ तर शब्द कळल्याशिवाय कळत नाही. पहिले दोन महिने मला डास चिरडलेले दिसत होते, अक्षरं नव्हे.

तिसऱ्या आठवड्यात मी दांडी मारली. कारण काहीही नव्हतं, कंटाळा आला होता. शुक्रवारी अकराला अण्णा काउंटरवर. पासबुक पुढं केलं. त्यात भरायला एकही नोंद नव्हती, आठ दिवसांपूर्वीच मी भरून दिलं होतं. म्हणाले, "काल दिसला न्हाई." आणि गेले. त्यानंतर मी एकदा तापातसुद्धा गेले आहे.

पाच महिन्यांनी मला आजोबांच्या कागदातला पहिला शब्द सोडवता आला: 'जोंधळे'. माझे वडील चाळीस वर्षं सांगत होते की तो एका रानाचा खरेदीखताचा कागद आहे आणि ते रान आपलं होतं, भाऊबंदांनी लाटलं. शके १८४६, रक्ताक्षी नाम संवत्सर, म्हणजे १९२४ साल. रान वगैरे काही नाही. आजोबांच्या वडिलांनी तीन मण जोंधळे उसने घेतले होते, त्याची ती चिठ्ठी. फेडले की नाही याचा कागद सापडलेला नाही. म्हणजे लाटलं असेलच तर आम्हीच.

सवय लागायला किती दिवस लागतात यावर लंडनमध्ये एक अभ्यास झाला होता, २०१० साली तो प्रसिद्ध झाला. ९६ माणसं, प्रत्येकानं एक नवी गोष्ट रोज करायची. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला हिशेबानं २५४ लागतील इतका फरक. एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडलं नाही, हेही त्यात दिसलं. त्या गोष्टी साध्या होत्या, फळ खाणं, पाणी पिणं, थोडं चालणं. मोडी किंवा इंग्रजी त्यापेक्षा अवघड. पण गंमत म्हणून १ जानेवारीपासून ६६ दिवस मोजा. ७ मार्च येतो. २०२६चा गुढीपाडवा आहे १९ मार्चला. म्हणजे फटाकेवाले आणि गुढीवाले दोघांनाही काम आहे: जानेवारीला सुरू करा, पाडव्याला टिकलंय का ते बघा, टिकलं असेल तर खुशाल गुढी उभारा. भांडणारे दोघंही एकाच वर्षाची दोन टोकं धरून बसलेत.

दुसरा अभ्यास स्वीडनमधला, २०२० साली आलेला. हजारावर लोकांचे नववर्षाचे संकल्प वर्षभर पाठपुरावा करून तपासले. 'हे सोडणार' म्हणणाऱ्यांपैकी ४७ टक्के, तर 'हे धरणार' म्हणणाऱ्यांपैकी ५९ टक्के लोकांनी वर्षाअखेर आपण यशस्वी झालो असं सांगितलं. शिकणं हे 'धरणं' आहे, म्हणजे आपली बाजू मुळातच वरचढ. पण मला त्यातलं आवडलेलं दुसरंच. ज्यांना अधूनमधून विचारपूस आणि थोडी मदत मिळाली, त्यांचं काहीच न मिळालेल्यांपेक्षा बरं चाललं, आणि भरपूर सूचना, व्यायामपाठ वगैरे मिळालेल्यांपेक्षाही. आमच्या एजंटला हे ऐकवलं तर तो म्हणेल, यात नवीन काय.

शिकण्याचा पिग्मी साताऱ्याला नवा नाही. रयत शिक्षण संस्था निघाली १९१९ मध्ये, कराडजवळ काले गावात. १९२४ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात वसतिगृह काढलं. माझ्या आजोबांच्या घरात जोंधळे उसने घ्यायची पाळी होती त्याच वर्षी. त्या पोरांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी दागिने मोडले हे सगळ्यांना माहीत आहे, ते भाषणात येतं. मला त्याहून मुष्टिफंडाची गोष्ट मोठी वाटते. घरातल्या बाईनं दळायला बसण्याआधी मूठभर धान्य बाजूला काढायचं, ते गोळा व्हायचं, त्यावर पोरं शिकायची. मूठ *आधी* काढायची. दळून, रांधून, सगळ्यांची जेवणं होऊन जे उरेल त्यातून म्हटलं असतं तर एकही वसतिगृह चाललं नसतं, कारण उरत कधीच नाही. मी तीन वर्षं मोडीसाठी 'उरलेल्या वेळाची' वाट बघत होते.

आणि १९५९ची ग्राम शिक्षण मोहीम. प्रौढ साक्षरतेची ही मोहीम पहिल्यांदा सातारा जिल्ह्यात सुरू झाली, नंतर राज्यभर गेली. एकेका माणसाला नव्हे, अख्ख्या गावाला शिकवायचं, १४ ते ५० वयाच्या सगळ्यांना. गावातलेच शिकलेले लोक शिकवणार, शाळेत, देवळात, कंदिलाच्या उजेडात. गाव साक्षर झालं की ग्रामगौरव समारंभ. त्या समारंभाची जागा बघा: शेवटी. आपण ३१ डिसेंबरला आधी जल्लोष करतो आणि मग संकल्प. म्हणजे बारसं आधी आणि डोहाळजेवण नंतर.

माझी आत्या त्या मोहिमेत शिकली. लग्न झालेली, मांडीवर पोर, कोरेगाव तालुक्यातल्या खेड्यात. तिच्या सांगण्याप्रमाणं वर्गाला नाही गेलं तर शेजारीण हाक मारायला यायची, सासूला नाही म्हणता यायचं नाही, कारण सासूही वर्गात होती. समारंभाला तिनं फळ्यावर स्वतःचं नाव लिहिलं होतं. इथवर गोष्ट छान आहे. पुढची अशी की आमच्या पतसंस्थेत ती खातं काढायला आली तेव्हा सही अशी वळणदार केली की साहेबांनी वर मान करून बघितलं. आणि मग फॉर्मवर काय लिहिलंय ते तिनं मला वाचून दाखवायला सांगितलं. वाचणं गेलं होतं. घरात छापील कागद म्हणजे रेशनकार्ड आणि पंचांग. पुढं वाचायला काही मिळालंच नाही. नवसाक्षर पुन्हा निरक्षरतेत घसरले ही त्या मोहिमेवरची ठरलेली टीका आहे आणि ती बरोबर आहे. गावानं खातं उघडलं, समारंभ केला आणि एजंट काढून घेतला.

आता मुद्द्याचं. आज साताऱ्यात ज्याला नोकरीसाठी नव्हे, परीक्षेसाठी नव्हे, नुसतं शिकायचं म्हणून काही शिकायचंय आणि ज्याचं वय पंचेचाळीस आहे, त्यानं बसायचं कुठं? अभ्यासिका गल्लोगल्ली आहेत. मी एकीत चौकशीला गेले. काउंटरवरच्या पोरानं रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "मुलासाठी का?" मी म्हटलं, माझ्यासाठी. त्यानं पेन ठेवलं. त्याचा दोष नाही. राज्यसेवेला खुल्या गटाची वयोमर्यादा ३८. त्यापुढं माणूस खुर्ची अडवून काय करणार, हा त्याचा सरळ हिशेब. अभ्यास म्हणजे स्पर्धा परीक्षा, शिक्षण म्हणजे पंचविशीपर्यंत, आणि त्यानंतर शिकायचं असेल तर मोबाइलवर, एकट्यानं, पैसे भरून, हे आपण कधी ठरवून टाकलं कळलंही नाही. ३ जानेवारीला शाळाशाळांत मुली नऊवारी नेसून 'मी सावित्री बोलतेय' म्हणतात. सावित्रीबाईंचं नायगाव आपल्याच जिल्ह्यातलं, खंडाळा तालुक्यातलं. ३१ला महाबळेश्वरकडं जाणाऱ्या गाड्यांची रांग त्याच तालुक्यातून जाते. सावित्रीबाई अक्षर शिकल्या त्या लग्नानंतर, संसारात पडल्यावर. पण त्या भाषणाचं पाठांतर करून घेणाऱ्या आईला आपण कधी विचारत नाही की बाई, तुला काय शिकायचंय?

माझं म्हणणं साधं आहे. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा संध्याकाळी कुलूपबंद असतात. खोल्या आहेत, फळे आहेत, दिवे आहेत. आठवड्यातून दोन दिवस सात ते नऊ एकेक खोली उघडा. शिकवायला माणसं नाहीत असं म्हणू नका. या जिल्ह्यात निवृत्त माणसांची खाण आहे. अपशिंगे मिलिटरीसारखी गावं आहेत, तिथं चाळिशीच्या आत निवृत्त होऊन आलेला जवान वायरलेसपासून इंजिनापर्यंत काय काय शिकून आलेला असतो आणि गावात येऊन सिक्युरिटीच्या खुर्चीत बसतो. निवृत्त नर्स आहेत, शेजारच्या जिल्ह्यात मिरजेकडं तंबोऱ्याच्या तारा जुळवणारे कान आहेत, माझे अण्णा आहेत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात एका फळ्यावर ज्यानं त्यानं नाव, काय शिकणार आणि कुठल्या वारी येणार ते लिहावं. मोठ्यानं, चारचौघांत, देश-काल उच्चारून. आणि गैरहजर राहिलेल्याकडं कुणीतरी दुसऱ्या दिवशी जावं. खर्च वीजबिलाचा आणि वॉचमनच्या दोन तासांचा.

धावण्यात हे आपल्याला जमलंच आहे. १ जानेवारीला पहाटे अजिंक्यताऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते, नव्या बुटांचा नुसता बाजार; पंधरा तारखेला पुन्हा तीच जुनी तोंडं. पण सातारा हिल मॅरेथॉनची मंडळी भर पावसात यवतेश्वराच्या घाटात पळताना दिसतात, कारण ती टोळ्यांनी पळतात. त्यातल्या एकाला मी विचारलं, रोज उठवतं कसं? म्हणाला, न उठलो तर ग्रुपवर फोटो टाकतात, माझ्या रिकाम्या जागेचा.

यावर आक्षेप येतील, आलेच आहेत. घरातूनच पहिला: "प्रत्येक गोष्टीची कशाला समिती? शिकणं हा आनंद आहे, तो खासगी राहू दे." हा मला अर्धा पटतो. फळ्याचा फ्लेक्स व्हायला वेळ लागत नाही. 'मोडी लिपी उत्तीर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन' आणि खाली माझ्यापेक्षा मोठे बारा फोटो, हे मला डोळ्यांसमोर दिसतं आणि अंगावर काटा येतो. प्रमाणपत्र नको, परीक्षा नको, उद्घाटन तर नकोच. पण खासगी आनंद एकट्यानं टिकवता येतो तो ज्यांच्या घरात स्वतंत्र खोली आणि संध्याकाळ आहे त्यांना. बाकीच्यांना तो टिकवायला घराबाहेर पडायचं एक मान्य कारण लागतं. "क्लासला जाते" म्हटलं की घरातल्या कुकरची शिट्टी दुसरं कुणीतरी मोजतं. "वाचत बसते" म्हटलं तर नाही मोजत.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे आणि त्याला माझ्याकडं पुरतं उत्तर नाही. जानेवारी सगळ्यांचा नसतो. या महिन्यात कराडपासून वाळव्यापर्यंत उसाचा हंगाम भरात असतो. बीडकडून आलेल्या तोडणी टोळ्यांच्या खोपी रानाच्या कडेला असतात. त्यांच्या पोरांची शाळा दिवाळीच्या सुमाराला सुटलेली असते आणि परत जाईपर्यंत मार्च-एप्रिल उजाडतो. नव्या वर्षाचं पहिलं पान हे त्या पोराच्या वर्षातलं फाटलेलं मधलं पान आहे. त्याची आई पहाटे तीनला उसाच्या फडात जाते; तिला शिकायचं उद्दिष्ट काय म्हणून विचारणं म्हणजे क्रूर चेष्टा. सात ते नऊची खोली तिच्या कामाची नाही. तोडणीवाल्यांच्या पोरांसाठी साखरशाळा नावाची गोष्ट ऐकिवात आहे, कुठं चालते, कुठं नाही. पण निदान एवढं तरी व्हावं की शाळेची खोली संध्याकाळी उघडायचं ठरलं तर कारखान्याच्या पट्ट्यातल्या गावांत ती आधी त्या पोरांसाठी उघडावी, माझ्यासारख्या हौशी बाईसाठी मागनं. तिथं दारात जाणारा माणूस जास्त लागणार आहे, आणि तो पगारी असला पाहिजे. आमचा पिग्मी एजंटही कमिशनवर जगतो, समाजसेवेवर नव्हे.

३१ला मटण खाऊ नये, गाणी लावू नयेत, यातलं काहीही माझं म्हणणं नाही. आमच्याही घरी रांग लावून आणतात. फक्त यंदा डायरी घरी आणली नाही. कॅलेंडर आणलं आणि त्यावर सगळ्या गुरुवारांना गोल केले.

पहिलाच गोल १ तारखेला आलाय. आणि यंदा नेमकं त्याच दिवसापासून, १ ते ४ जानेवारी २०२६, साताऱ्यात शाहू स्टेडियमवर ९९वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आहे. टेलर म्हणाले, पहिल्याच दिवशी जाऊ, वर्ग पुढं ढकलू, संमेलन काय रोज येतंय का आपल्या गावात. बी.ए.वाला पोरगा लगेच तयार. मीही मान हलवली. अण्णा चष्मा पुसत होते. म्हणाले, "संमेलन चार दिवस हाय. गुरुवार एकच."

तेव्हा साडेपाचला चिमणपुरा, मग स्टेडियम. झेरॉक्स मी न्यायच्या आहेत. कंडक्टर काकांच्या ट्रंकेतले कागद निघालेत, त्यांना खात्री आहे की रानाचेच आहेत.